करडईचं दूध, हरभऱ्याची आंब

पिकवणं पावसाच्या हाती असतं, टिकवणं आपल्या. बालाघाटाच्या अंगाखांद्यावर राहणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पेवातली ज्वारी, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेली तूर, पत्र्यावर वाळवलेली गवार, उन्हाळ्यात घातलेले सांडगे. बीड जिल्ह्यातल्या जुन्या स्वयंपाकघरात आजच्या भुकेइतकाच पुढच्या वर्षाचा विचार असे.

चीज हीही टिकवण्याचीच विद्या. दूध संध्याकाळपर्यंत नासतं. त्यातलं पाणी काढलं, मीठ घातलं, आंबटपणाला हाताशी धरलं, की तेच दूध महिनोन् महिने राहतं. थंड मुलखांनी दूध असं राखलं. आपल्या उन्हानं तेवढी सवड दिली नाही, म्हणून आपण त्याचं तूप केलं. हवा वेगळी, काळजी तीच.

मी घरी चीज करते ते करडईच्या, शेंगदाण्याच्या आणि सोयाबीनच्या दुधाचं. फाडायला हरभऱ्याची आंब, मुरवायला ज्वारीच्या आंबिलीचं पाणी. यातलं एकही शिवाराबाहेरचं नाही. ज्या मुलखात दर काही वर्षांनी जनावराचं दूध आटतं, तिथं बियांचं दूध काढता येणं ही चैन नव्हे.

*

करडई काटेरी. जनावर आत शिरू नये म्हणून ज्वारीच्या कडेनं तिचे तास पेरत. राखण करता करता तिनं घरही पोसलं: कोवळेपणी भाजी दिली, पिकल्यावर तेल दिलं.

आता ती मागं सरली आहे. काट्यांमुळे काढणीला माणूस मिळत नाही, आणि खरिपातलं सोयाबीन व रब्बीतला हरभरा या जोडीनं तिचं रान घेतलं. सोलापूरच्या संशोधनातून आलेलं ‘भीमा’, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी कुसुम’ अशी चांगली वाणं आहेत. पेरणारे कमी झाले. ज्या काट्यानं दुसऱ्याचं पीक राखलं, त्याच काट्यानं करडईचं स्वतःचं रान गेलं. राखणदाराच्या वाट्याला असं पुष्कळदा येतं.

तिचं दूध काढणं अवघड नाही, कष्टाचं आहे. बी रात्रभर भिजवायचं आणि सकाळी पाट्यावर घ्यायचं. टरफल कठीण, पहिल्या काही फेऱ्यांत वरवंटा नुसता घसरतो. कोमट पाण्याचे हबके मारत वाटत राहिलं की करड्या चोथ्यातून एक पांढरा ओघळ सुटतो आणि पाट्याच्या कडेला येऊन थांबतो. मग सगळं फडक्यात घेऊन पिळायचं. दूध भांड्यात उतरतं, टरफलांचा भुसा मुठीत राहतो. चव गोडसर सुरू होते आणि किंचित कडवट संपते. उत्तर कर्नाटकात गव्हाच्या हुग्गीत हे दूध घालायची जुनी रीत आहे. आपल्या शेजारघरची ही विद्या आहे, नव्या काळानं शोधलेली नाही.

बी म्हणजे रोपाची शिदोरी. मूळ फुटून पहिलं पान उन्हाला लागेपर्यंत जे लागेल ते झाडानं त्यात बांधून दिलेलं असतं: तेल, प्रथिनं, क्षार. गाईच्या कासेतलं दूधही असंच कुणासाठी तरी असतं. पोसणारं जे जे आहे ते मुळात दुसऱ्याच्या नावाचं असतं. आपण त्यातला वाटा घेतो. म्हणून घेणारा हात जपून असावा, मग तो कासेला लागो की पाट्याला.

*

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला नावाच्या रोमन लेखकानं शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात चीज करण्याची रीत आहे. दूध फाडायला कोकराच्या किंवा करडाच्या जठरातला रस वापरतात, असं सांगून तो दुसरेही मार्ग देतो: रानकाट्याचं फूल, अंजिराच्या झाडाचा चीक आणि करडईचं बी. सिंध-पंजाबकडे अश्वगंधेच्या कुळातल्या एका झुडपाच्या फळांनी दूध फाडत. बाजारात ती पनीरफूल म्हणून मिळतात. वासराच्या जठराला पर्याय हवा, ही गरज आजची नाही.

कोलुमेलाच्याच शतकात आपल्या शेजारच्या तेरहून, म्हणजे त्या वेळच्या तगरहून, कापड भडोचच्या बंदराला जाई आणि पुढं रोमच्या जगात पोचे. जग तेव्हाही जोडलेलं होतं. तिकडे करडईचं बी मेंढीच्या दुधाला फाडत होतं. इकडे त्याच बियातून दूध निघतं. वस्तूच्या पोटात काय काय आहे हे ती आपण होऊन सांगत नाही. गरज विचारते, तेव्हा ती उत्तर देते.

*

मार्गशीर्ष-पौषात हरभरा भरात आला की त्याच्या पानांवरच्या बारीक लवेतून आंबट रस पाझरतो. मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्लं त्यात असतात. हरभऱ्यातून चालणाऱ्याच्या पोटऱ्यांना तो झोंबतो. पहाटे, दव असताना, धुतलेलं पातळ फडकं पिकावरून अलगद ओढत न्यायचं. चार सऱ्या झाल्या की फडकं जड होतं. ते मडक्यात पिळायचं, धातूच्या भांड्यात नाही. पिळताना बोटांच्या भेगा चरचरतात. मडक्याच्या तळाशी जमतं ते मळकट पाणी, आणि त्याचा थेंब जिभेवर ठेवला की सगळं तोंड आखडतं. ही आंब. पोट धरलं की जुनी माणसं ती थोडी पाण्यातून देत.

गावाकडची मावशी हे शिकवताना म्हणाली, “जुन्या लुगड्याचं फडकं घे माय. नवं कापड दव पीत नाही.” अंगावर विरलेल्या कापडालाच दव धरता येतं, हे तिनं सहज सांगितलं. मला त्यात एका पिढीची ओळख पटली.

आंबेचे हे दिवस म्हणजे गाव अर्धं रिकामं असण्याचे दिवस. दसरा-दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचे कोयते बाहेर पडतात: नवरा-बायको, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर, कडेवरचं लेकरू, मुकादमाची डोक्यावर असलेली उचल. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. मागं राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली पोरं. आंब गोळा करणारे तरणे हात त्या वेळी दुसऱ्याच्या फडात ऊस तोडत असतात. विद्या विसरली जाते ती आळसामुळंच असं नाही. कित्येकदा ती शिकायच्या वेळी शिकणारा गावात नसतो.

*

करडईच्या दुधात तेल भरपूर, पण एकमेकांना घट्ट धरणारं प्रथिन एकट्यानं पुरत नाही. म्हणून शेंगदाण्याच्या किंवा सोयाबीनच्या दुधाची साथ लागते. सोयाबीनचं असेल तर ते खळखळून, चांगला वेळ घेऊन उकळावं. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिनं पचू देत नाही.

उकळलेलं दूध थोडं निवू द्यायचं. मग आंब चमच्याचमच्यानं सोडायची, हलक्या हातानं ढवळायचं. पहिल्या चमच्याला काही होत नाही. दुसऱ्यालाही वाटतं की दूध आहे तसंच आहे. मग भांड्याच्या कडेला बारीक कण दिसतात, मधलं पाणी पिवळसर आणि आरपार होऊ लागतं, आणि बघता बघता सगळी पांढराई गोळा होऊन एका बाजूला सरते.

यात जादू नाही. दुधातले प्रथिनांचे कण एकसारख्या विद्युतभारामुळं एकमेकांना लांब ठेवत तरंगत असतात. आम्ल तो भार काढून घेतं. लांब ठेवणारं काही उरलं नाही की कण आपोआप जवळ येतात. माणसांनाही जवळ आणायची खटपट फार करावी लागत नाही. लांब ठेवणारं काय आहे तेवढं शोधून काढावं लागतं.

फाटलेल्या दुधाचा चोथा फडक्यात बांधून त्यावर वरवंटा ठेवायचा. पाणी निथळलं की मीठ, थोडं जिरं, आणि दोन चमचे आंबिलीचं पाणी. अंबाजोगाई-परळीकडे येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात नेतात तीच आंबील, पण ताक न घालता, नुसतं ज्वारीचं पीठ पाण्यात भिजवून आंबवलेली. वड्या थापून, वरून करडईच्या तेलाचा हात फिरवून थंडीत ठेवायच्या. पौष-माघाची थंडी हे काम माणसापेक्षा चांगलं करते. घाई केली तर नुसता आंबट चोथा मिळतो. थांबलं तर त्याला खोल चव येते. थांबणं हाही एक जिन्नस आहे, आणि तो विकत मिळत नाही.

*

गाईच्या दुधात केसिन असतं. वनस्पतीत ते नाही. चीज वितळून त्याची तार निघते ती केसिनमुळं. उपवासाच्या साबुदाण्याचं पीठ शिजवून मिसळलं तर तशी तार आणता येते. चायनाग्रास घातलं तर सुरीनं कापण्याइतकं घट्ट होतं. हळदीनं रंग येतो. हे सगळं मी करून पाहिलं आहे आणि ते खाण्याजोगं होतं.

पण नक्कल जितकी हुबेहूब, तितकी मूळ वस्तूची आठवण जास्त. दुसऱ्याच्या मापानं मोजलं तर करडई कायम उणी भरते. तिच्या मापानं मोजावं. तिचं चीज भुरभुरतं, शेवटी किंचित कडू लागतं, बाजरीच्या गरम भाकरीवर चोळलं की तेल सुटतं, आणि लाल मिरचीच्या ठेच्याशी त्याचं चांगलं जमतं. चीनमध्ये टोफू हजार वर्षांहून जुना आहे. तिथं तो आंबवून, खारवून मुरवतात आणि भाताशी खातात. तिथं त्याला कुणी अपुरं चीज म्हणत नाही. ज्या पदार्थाला स्वतःची भाकरी सापडली, त्याला कुणाची बरोबरी करावी लागत नाही.

*

१९४४ च्या नोव्हेंबरात, युद्ध चालू असताना, इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या सोबत्यांनी व्हीगन सोसायटी काढली. मांस सोडलेल्या माणसांनी दुधाचाही विचार करावा, असा त्यांचा आग्रह होता. विचार साधा आहे: दूध यायचं तर गाय विणार, आणि वासरू झालं तर त्याचं पुढं काय?

आपल्याकडे हा प्रश्न गोठ्यात उभा आहे. ट्रॅक्टर आला, गोऱ्ह्याचं औत गेलं. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी आहे. जो गोऱ्हा दूध देत नाही, औत ओढत नाही, विकला जात नाही, त्याला वैरण कुठून घालायची? हा प्रश्न शेतकऱ्यानं निर्माण केलेला नाही, पण त्याच्या दावणीला बांधलेला आहे.

माळकऱ्याच्या घरी मांस शिजत नाही. दूध-दही मात्र नैवेद्याचं. आष्टी-पाटोद्याकडे दुधाच्या पैशावर कितीतरी घरांचा आठवडा चालतो. २०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या होत्या, आणि माणसं घरदार सोडून जनावरांजवळ ताडपत्रीखाली राहिली. त्या माणसांना प्राण्यांवर माया करायला कुणी शिकवू नये. मायेनं वासराचा प्रश्न सुटतो, असंही कुणी समजू नये. दोन्ही खरं आहे. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना खोडत नसतात. त्यांच्यामध्ये उभं राहण्याची ताकद आपल्यात लागते.

म्हणून मी कुणाला दूध सोडा म्हणत नाही. पाहुण्यापुढं भाकरी ठेवते आणि तिच्याशेजारी करडईच्या चीजची वाटी. आग्रहापेक्षा चव लांब जाते.

*

शहरात बिनदुधाचं चीज म्हटलं की काजू येतो. काजूच्या टरफलात कातडी जाळणारं तेल असतं, आणि काजू सोलणाऱ्या बायकांच्या बोटांवर त्याचे डाग आणि भाजल्याच्या खुणा असतात. गाईचा भार कमी झाला आणि बाईच्या हातावर आला, तर हिशेब मिटला असं म्हणता येत नाही. करुणा ताटापाशी थांबत नाही. ताटात आलेली वस्तू ज्या हातांतून आली, तिथवर तिला जावं लागतं.

आणि काजूच्या हातांकडे बोट दाखवताना आपल्या जिल्ह्याकडे पाठ फिरवू नये. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यात तपासणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळीचा दिवस, दुखण्याचा दिवस म्हणजे बुडालेला रोज आणि वर खाड्याचा दंड. फडात त्याला क्षमा नाही.

वासराच्या वाटचं दूध मोजणाऱ्यानं हा आकडाही मोजावा. साखरेच्या चमच्याला शाकाहारी म्हणून निर्दोष समजण्याची सवय मी सोडली आहे. एका जिवाबद्दल मन हळवं करताना दुसऱ्या जिवाबद्दल ते निबर होत असेल, तर ती करुणा अजून कच्ची आहे.

*

खरिपात बीड, लातूर, धाराशिवच्या रानांत सोयाबीन दिसतं. पोती मोंढ्यात जातात, तिथून तेलगिरण्यांत. तेल निघतं, प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. ज्याच्या शेतात पोत्यांनी, त्याच्या ताटात चिमूटभर नाही.

एक किलो सोयाबीनचा घरी दीड-दोन किलो टोफू होतो. उरलेला चोथा भाकरीच्या पिठात मळता येतो. एवढ्यानं शेतीचं गणित बदलेल असं मी म्हणणार नाही. पण पीक विकताना भाव दुसरा ठरवतो. पदार्थ करताना चव आपण ठरवतो. आयुष्यात ठरवण्याची एखादी जागा तरी आपल्या हातात असावी. ती चुलीपाशी असली तरी ती जागाच आहे.

*

जिवाभावाच्या वस्तूचं उणं आधी सांगावं. या चीजमध्ये ब-१२ जीवनसत्त्व नाही. ज्यांनी दूध पूर्ण सोडलं आहे त्यांनी ते वेगळं घ्यायला हवं. आंबेत ऑक्झॅलिक आम्ल असतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यानं लिंबानं दूध फाडावं. खवट किंवा बुरशी धरलेले शेंगदाणे वापरू नयेत; त्यावरच्या पिवळसर-हिरव्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, शिजवल्यानं जात नाही. फ्रान्समधल्या कामांबेरवर वाढते ती पांढरी बुरशी माणसानं निवडून जोपासलेली असते. आपल्या वडीवर न बोलावता आली ती फेकण्याची.

आंबणं आणि सडणं यांची वाट बराच वेळ एकच असते. मीठ, स्वच्छ हात, थंडी आणि रोजची नजर यांनी ती वेगळी होते. नुसता वेळ कुणाला मुरवत नाही. लक्ष दिलेला वेळ मुरवतो.

*

माझ्या चीजनं गाय सुटेल, ऊसतोडीचं ओझं उतरेल, करडई परत येईल असा माझा दावा नाही. ते करू लागल्यापासून एक झालं: घासामागची माणसं, जनावरं आणि झाडं मला दिसू लागली. आधी मी पदार्थ खात होते. आता कुणाचा वाटा खाते आहे हे कळतं.

खाणं म्हणजे कुणाचं तरी घेणं. बी रोपाचं, दूध वासराचं, कष्ट कुणाच्या तरी अंगाचे. न घेता जगता येत नाही, आणि त्याची लाजही बाळगू नये. पण कुणाचं घेतलं हे ठाऊक नसणं मात्र शोभत नाही. ते ठाऊक झालं की माणूस थोडं कमी घेतो, जपून घेतो, आणि परत काय देता येईल याचा विचार करू लागतो. काय खावं आणि काय सोडावं हे ज्यानं त्यानं आपल्या चुलीपाशी ठरवावं. कुणाचं खातो हे ओळखणं सगळ्यांवर सारखंच बंधनकारक आहे.